तिथीची पाऊणपट

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी गाठावी लागते. पाणी उतरलं की ओल्या वाळूतून माणसं चालत जातात, घोडागाड्याही जातात. पाणी चढलं की होडीवाचून इलाज नाही. आता भरतीची वेळ फोनवर दिसते, वर्तमानपत्रात छापून येते. त्याआधी, आणि खरं तर अजूनही, कोकणात हा हिशेब तोंडी होतो. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती, पहाटेही तीनच्या सुमारास, आणि सकाळी नऊला, रात्री नऊला सुकती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, नियम तोच.

हा नियम बरोबर का येतो हे कळायला सतराव्या शतकाची अखेर उजाडली. नेमकी किती वाजता आणि नेमकं किती फूट, हे आधी सांगता यायला त्यानंतर आणखी दोनशे वर्षं गेली. या लांबलचक वाटेवर दोन माणसं याच किनाऱ्यावरची भेटतात, म्हणून पाऊणपटीचा हा मागोवा.

आधी पाऊणपटच का, ते पाहू. तिथी म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय असा दिवस नव्हे, तो एक कोन आहे. चंद्र सूर्यापासून पूर्वेकडे १२ अंश सरकला की एक तिथी संपते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथ्या, म्हणजे १८० अंश. इकडे पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. चंद्र १२ अंश सरकून बसला तर त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला १२ भागिले १५, म्हणजे चार-पंचमांश तास जास्त फिरावं लागतं. ही झाली ४८ मिनिटं. भरती चंद्रामागे चालते, म्हणून तीही दर तिथीला ४८ मिनिटं उशिरा येते.

पाऊणपट मात्र ४५ मिनिटं धरते. तीन-तीन मिनिटांची ही तूट पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची होते : पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि भरती येते बाराच्या आसपास. पण लगेच प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते, त्यामुळे चूक दर पंधरवड्याला पुसली जाते. मग नेमकं चार-पंचमांश सोडून पाऊणपटच का रुळली? माझा तर्क साधा आहे. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. चार-पंचमांशाचा पाढा कुणालाच येत नसे. होडी लोटायला निघालेल्या माणसाला पाढ्यात बसणारी चूक चालते. पाटी-पेन्सिल मागणारा अचूकपणा चालत नाही.

गंमत म्हणजे घड्याळ बाजूला ठेवून घटकांत मोजलं तर ही तूटही उरत नाही. घटका २४ मिनिटांची, तेव्हा ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका. तिथीची दुप्पट करा, तितक्या घटका उशीर. पंधरा तिथ्यांच्या तीस घटका, म्हणजे अर्धा अहोरात्र, आणि भरती फिरून जागेवर. पंचांगाचं माप आणि समुद्राचं माप इतकं चपखल जुळतं, कारण दोन्ही एकाच कोनाची मोजणी करतात.

पण आज तिथी कोणती, हे सांगणार कोण? भरतीचा नियम कोळ्याच्या तोंडी असला तरी त्याला लागणारा आकडा पंचांगातून येतो, आणि पंचांग म्हणजे निव्वळ गणित. महाराष्ट्रात हे गणित ज्याच्या ग्रंथांवरून शतकानुशतकं झालं तो याच किनाऱ्यावरचा. काशीदहून मुरुडकडे जाताना नांदगाव लागतं. केशव दैवज्ञ तिथले, आणि त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ. गणेशाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचलं. तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता असं मानतात. शके १४४७ मध्ये त्याने ‘तिथिचिंतामणी’ लिहिलं, ज्यातल्या कोष्टकांवरून तिथी-नक्षत्र-योग झटपट काढता येत.

ग्रहलाघवाचं खरं कसब समजून घेण्यासारखं आहे. ग्रह गोल फिरतात म्हटल्यावर त्यांचं स्थान काढायला ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) लागणारच, आणि त्यांची कोष्टकं जवळ नसलेला गावचा जोशी तिथेच अडतो. गणेशाने ज्या काढूनच टाकल्या. त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराची अशी सूत्रं बसवली की उत्तर जवळजवळ तेच यावं. शिवाय सृष्टीच्या आरंभापासून दिवस मोजत बसण्याऐवजी त्याने ४०१६ दिवसांचं, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचं एक चक्र धरलं, त्यामुळे आकडे आटोक्यात राहिले. ज्याला हे बेरीज-वजाबाकीचं ज्योतिष म्हणून हिणवायचं असेल त्याने एकदा ज्या न वापरता चंद्राचं स्थान काढून पाहावं. ही तीच वृत्ती आहे जी चार-पंचमांशाची पाऊणपट करते, फक्त कित्येक पटींनी सूक्ष्म.

ग्रहलाघवात समुद्र नाही आणि पाऊणपटीत ग्रह नाहीत. चंद्र आणि पाणी यांची सांगड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथात सेमुल्ला, म्हणजे आपलं चौल, बंदर म्हणून नोंदलं आहे, आणि त्याच्या उत्तरेला भडोचच्या तोंडाशी भरतीचा लोंढा जहाजं कशी उलथवतो याचं भीतीनं भरलेलं वर्णन आहे. राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार भरती लागली की परकी जहाजं ओढत आत नेत आणि ओहोटीला नांगर टाकत. त्यांचा हिशेब पक्का असणार, नाहीतर त्या खाडीत जहाज टिकलं नसतं. १०३० च्या सुमारास अल् बेरूनी सोमनाथच्या लिंगावर चढणाऱ्या भरतीबद्दल लिहितो तेव्हा तो हेच नोंदवतो की, इथले जाणकार रोजची भरती चंद्राच्या उदयास्तावरून आणि महिन्यातला चढउतार चंद्राच्या कलांवरून सांगतात, मात्र कारण त्यांना उमगलेलं नाही. शेरा तिखट आहे, पण त्या काळी तो जगातल्या कुठल्याही किनाऱ्याला लागू पडला असता. विष्णुपुराणात तर भरतीचं मापही दिलं आहे, ५१० अंगुळं. अंगुळ पावणेदोन-दोन सेंटिमीटरचं धरलं तर नऊ-दहा मीटर होतात. खंभातच्या आखातात ते खरं आहे, अलिबागला दुप्पट-तिप्पट.

कारणाचा शोध युरोपात लागला, तोही एका मोठ्या माणसाच्या मोठ्या चुकीनंतर. चंद्र पाण्याला ओढतो असं केप्लर म्हणत होता आणि गॅलिलिओला ती जादूटोण्याची भाषा वाटत होती. त्याने १६३२ च्या ‘संवादा’त भरतीचं कारण पृथ्वीच्या फिरण्यात शोधलं : पृथ्वी हलते म्हणून समुद्र डचमळतो. पृथ्वी फिरते हे सिद्ध करण्याचा तो त्याचा हुकमी एक्का होता. त्याच्या गणिताने दिवसातून एकच भरती येते. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक दिवस बसलेल्या पोरालाही दोन दिसतात.

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ चा. त्याने चंद्राची ओढ मान्य केली आणि एक गोष्ट हेरली जी आजही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्र त्याच्या बाजूच्या पाण्याला जास्त ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यांत कमी. मध्याच्या हिशेबाने अलीकडचं पाणी पुढे जातं, पलीकडचं मागे राहतं. दोन बाजूंना दोन फुगवटे, म्हणून दिवसाला दोन भरत्या.

आकडे घालून पाहिलं की या विचाराची ताकद दिसते. सूर्य चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाखपट जड आहे आणि सुमारे ३९० पट दूर. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते. ३९० चा वर्ग १,५२,१००. त्याने भागलं तर सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या जवळपास १७७ पट निघते. मग समुद्र सूर्यामागे का जात नाही? कारण फरक अंतराच्या घनाने कमी होतो. ३९० चा घन ५,९३,१९,०००. त्याने भागलं तर उत्तर ०.४६. म्हणजे भरतीपुरता सूर्य चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. वर्गाऐवजी घन घेतला आणि १७७ पट बलाढ्य सूर्य दुय्यम ठरला. निरीक्षणातून हे कुणाला कधीच कळलं नसतं. इथे गणित पाहिलेल्याचं वर्णन करत नाही, न दिसणारं दाखवून देतं.

उधाण आणि भांगही त्यातच उलगडतात. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत, दोघांची बेरीज : १.४६. अष्टमीला काटकोनात, वजाबाकी : ०.५४. म्हणजे उधाणाचा चढउतार भांगाच्या २.७ पट असायला हवा. मुंबई बंदराचे सरासरी आकडे घ्या. उधाणाला पाणी ४.४२ मीटरपर्यंत चढतं आणि ०.७६ पर्यंत उतरतं, भांगाला ३.३० पर्यंत चढतं आणि १.८६ पर्यंत उतरतं. चढउतार ३.६६ आणि १.४४. गुणोत्तर अडीचाहून किंचित जास्त. आकाशातल्या दोन गोळ्यांचं वजन आणि अंतर घेऊन केलेला भागाकार अपोलो बंदराच्या पायऱ्यांवर इतका जवळ येऊन टेकतो. खुद्द न्यूटनला हे गुणोत्तर साधलं नव्हतं. त्याच्या हिशेबात चंद्राचा जोर सूर्याच्या साडेचार पट झाला होता, खरा तो सव्वादोनच्या आत आहे.

इथवर सगळं छान. पण याच नियमाने अलिबागच्या भरतीची उंची काढायला गेलं की घसरगुंडी होते. सगळी पृथ्वी खोल पाण्याने झाकली आहे असं धरलं तर सूर्य-चंद्र मिळून चढउतार मीटरभराचाही होत नाही. प्रत्यक्षात गोव्याला तो दोन मीटरच्या आसपास, आपल्याकडे साडेतीन-चार आणि भावनगरला दहाच्या वर. चंद्र तर सगळीकडे तोच. शिवाय भरती चंद्र डोक्यावर असताना यायला हवी, ती बंदरागणिक वेगळ्या वेळी येते. आणि सगळ्यांत मोठं उधाण पुनवेला न येता तिच्या दीड-एक दिवस मागून येतं, हे किनाऱ्यावर कुणालाही माहीत असतं.

याचं कारण लाप्लासने १७७० च्या दशकात मांडलं. पाणी फुगवटा धरून उभं राहत नाही, ते वाहतं. भरती ही हजारो किलोमीटर लांबीची लाट आहे. तिचा वेग खोलीवर ठरतो, पृथ्वीच्या फिरण्याने ती वळते, किनाऱ्यावर आपटून परतते. गुजरातकडे जावं तशी समुद्रातली उथळ पायरी रुंद होत जाते आणि खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं; झोपाळ्याला ज्या ठेक्यात तो हलतो त्याच ठेक्यात धक्का मिळाला की तो जसा उंच जातो, तसं काहीसं तिथे पाण्याचं होतं. रायगडचा किनारा या चढणीच्या मधोमध आहे. लाप्लासची समीकरणं बरोबर होती. ती सोडवायला मात्र समुद्राचा तळ इंच-इंच माहीत हवा, आणि तो कुणाला माहीत होता?

नियम हाती आहे, समीकरण हाती आहे, तरी रेवसच्या तरीची वेळ अजूनही पाऊणपटीनेच काढावी लागते, अशी ही अवस्था. ती जवळजवळ शंभर वर्षं टिकली.

याच काळात दुसरा माणूस येतो, अलिबागजवळच्या नागावचा. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, जन्म १८२५. काका बापू छत्रे, ‘बाळमित्र’कार, त्यांनी मुलाला मुंबईत शिकायला ठेवलं. केरूनाना १८४० च्या सुमारास, मिसरूड फुटण्याच्या वयात, कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली कामाला लागले. (हा कुलाबा मुंबईतला. त्या वेधशाळेचं चुंबकीय काम पुढे १९०४ मध्ये विजेच्या ट्रामच्या धास्तीनं अलिबागला हलवलं, ती गोष्ट वेगळी.) पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले, टिळक-आगरकरांचे गुरू झाले. ज्ञानप्रसारक सभेत त्यांनी मराठीतून वाचलेल्या निबंधांमध्ये हवा आणि कालज्ञान यांच्या जोडीला भरती-ओहोटी हाही विषय होता.

पण माझ्या मते त्यांचं या वाटेवरचं मोठं काम समुद्राशी थेट संबंध नसलेलं आहे. ग्रहलाघवाला तीनशे वर्षं होऊन गेली होती आणि त्याच्यावरून केलेली पंचांगं आकाशाशी जुळेनाशी झाली होती. कारणं उघड आहेत. जवळजवळ बरोबर सूत्रात दर वर्षी थोडं थोडं मागे-पुढे पडतं आणि अकरा वर्षांचं चक्र ते निमूटपणे पुढे ढकलतं. केरूनानांनी युरोपातल्या नव्या कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये छापली आणि शके १७८७ पासून दृक्प्रत्ययी, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळणारं पंचांग काढायला सुरुवात केली. पुढे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. नव्या कोष्टकांच्या मुळाशी न्यूटनचंच गुरुत्वाकर्षण होतं. नांदगावच्या गणेशाची तिथी नागावच्या केरूनानांनी दुरुस्त केली. दोन गावांमधलं अंतर रस्त्यानं तीस-पस्तीस किलोमीटर. धर्मशास्त्राच्या नावाने त्यावर जो गदारोळ झाला त्यात मी शिरत नाही. भरतीला सुतकही लागत नाही आणि अधिक मासही. तिला खरा कोन लागतो.

आता पुन्हा समुद्राकडे. कोंडी फोडली विल्यम थॉमसनने, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला. १८६७ पासून त्याने एक वेगळीच दिशा धरली, आणि मला तरी सगळ्या गोष्टीत हीच जागा सर्वांत धाडसाची वाटते. त्याने नियमाकडून उंची मागणं सोडून दिलं. चंद्र-सूर्यांच्या गतीतून नक्की काय निघतं? ठेके निघतात. चंद्र पुन्हा त्याच जागी यायला २४ तास ५० मिनिटं, म्हणून त्याची भरती दर १२ तास २५ मिनिटांनी. सूर्याची बरोबर १२ तासांनी. चंद्र कधी जवळ येतो, कधी लांब जातो, त्याचा एक ठेका. तो विषुववृत्ताच्या उत्तरेला-दक्षिणेला झुकतो, त्याचे दिवसाला एक असे ठेके. हे सगळे काळ गणिताने आधीच नक्की आहेत, दशांश चिन्हापुढच्या कितीही घरांपर्यंत, आणि जगातल्या प्रत्येक बंदरात तेच आहेत. आता प्रत्येक ठेक्याची उंची किती आणि तो किती उशिरा वाजतो, एवढं मात्र त्या त्या बंदराला विचारायचं. वर्षभर पाणी मोजायचं आणि त्यातून एकेक ठेका वेगळा काढायचा.

म्हणजे आकाशाचं काम आकाशाकडे, किनाऱ्याचं किनाऱ्याकडे. खंभातचं नरसाळं, मुंबईचा उथळ तळ, धरमतरच्या खाडीतला गाळ, सगळं त्या दोन आकड्यांत आपोआप येऊन बसतं. तळाचा नकाशा लागतच नाही. खरं पाहता पाऊणपटही असंच करते. तिथीचा ठेका आकाशातून घेते आणि ‘अमावास्येला बाराच्या सुमारास’ हा मुक्काम इथल्या किनाऱ्याकडून. दुसऱ्या बंदरात तोच पाढा लावला तर तास-दोन तासांनी फसतो. केल्विनने एका ठेक्याऐवजी दहा-वीस घेतले आणि वेळेबरोबर उंचीही घेतली.

हे ठेके वेगळे काढण्याच्या पद्धतीला पुढे नेटकं रूप दिलं जॉर्ज डार्विनने, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनच्या मुलाने. मुख्य चांद्र ठेक्याचं नाव एम-२, सौर ठेक्याचं एस-२, आणि दिवसाला एक असणाऱ्यांतले मोठे के-१ व ओ-१. मुंबईला एम-२ ची उंची सुमारे सव्वा मीटर, एस-२ ची अर्ध्या मीटरच्या आसपास, के-१ ची त्याहून थोडी कमी. हा के-१ पाऊणपटीत कुठेच नाही, पण त्याचा हिसका मुंबई-रायगडात सगळ्यांना माहीत आहे. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात त्या याच्यामुळे. पावसाळ्यात मोठं उधाण दुपारी बारा-एकला येतं आणि हिवाळ्यात तसलं उधाण मध्यरात्री. वरून मुसळधार पाऊस आणि खालून वर्षातली सगळ्यांत उंच भरती, हे दोन्ही भरदुपारी गाठ घालतात तो योगायोग नव्हे, के-१ चा हिशेब आहे.

हिंदुस्थानात हे मोजण्याचं काम रॉयल इंजिनियर्सच्या बेअर्ड या अधिकाऱ्याने केलं. सर्व्हे ऑफ इंडियाला आधी पाहायचं होतं की कच्छच्या आखाताशी जमीन वर उठते आहे की खाली खचते आहे. त्यासाठी १८७३ पासून बेअर्ड तिथे भरती मोजत होता. १८७७ मध्ये सगळ्या मोठ्या बंदरांत मापकं बसवायचं ठरलं. मुंबईच्या अपोलो बंदराची नोंद १८७८ पासूनची, आशियातल्या सर्वांत लांब नोंदींपैकी एक. यंत्र साधं होतं. समुद्राशी छोट्या भोकाने जोडलेली उभी नळी, म्हणजे लाटांचा हिसका आत पोचत नाही पण पाण्याची पातळी पोचते. नळीत तरंगा, तरंग्याला तार, तारेला पेन्सिल, आणि घड्याळावर फिरणाऱ्या पिंपाला गुंडाळलेला कागद. रात्रंदिवस पेन्सिल वर-खाली. मग त्या वक्ररेषेवरून दर तासाचा आकडा वाचून काढणारे, आणि वर्षाच्या ८,७६० आकड्यांची ठेक्याठेक्याने बेरीज-वजाबाकी करणारे संगणक. हे संगणक म्हणजे माणसं, हातात दौत-टाक. त्यांची नावं अहवालात सहसा नसतात.

उलटं काम, म्हणजे ठेके एकत्र करून पुढच्या वर्षाची भरती काढणं, यंत्राने होऊ लागलं. केल्विनचं पहिलं यंत्र १८७२-७३ चं, दहा ठेक्यांचं. दुसरं मोठं यंत्र खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी, एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून १८७९ मध्ये लंडनमध्ये बांधलं, वीस ठेक्यांचं. प्रत्येक ठेक्याला एक दातेरी चाक आणि त्याच्यामुळे वर-खाली होणारी एक कप्पी. सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी, दोरीच्या टोकाला लेखणी. प्रत्येक कप्पी दोरी आपापल्या परीने खेचते, लेखणी बेरीज लिहिते. हँडल फिरवत राहिलं की एका बंदराची वर्षभराची भरती काही तासांत कागदावर. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून छापील तक्ते येऊ लागले. आज फोनवर दिसणारी वेळ त्याच दोरीची नात आहे. चाकं गेली, बेरीज तीच.

तक्ता आला तरी किनाऱ्यावरचं जगणं एकदम बदललं नाही. डोल जाळं लावणाऱ्या कोळ्याला उधाणातली जोरकस ओढ आणि भांगातलं मरगळलेलं पाणी अंगवळणी पडलेलं. पेण-उरणच्या मिठागरवाल्याला पाणी कधी आत घ्यायचं ते ठाऊक. खारेपाटातली भातशेती तर भरतीच्या पातळीखाली उभी आहे, बांध आणि उघाडी यांच्या भरवशावर. उघाडीचं दार बाहेरच्या अंगाला उघडणारं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं, भरती चढू लागली की समुद्रच ते दार दाबून लावतो. माणूस लागत नाही, तिथी विचारावी लागत नाही. दिवसातून दोनदा उघडणारं, दोनदा मिटणारं. फक्त बांध किती उंच हवा, हा प्रश्न उरतो, आणि तिथे पाऊणपट गप्प बसते. ती वेळ सांगते, उंची सांगत नाही. खारं पाणी एकदा आत शिरलं तर जमीन काही वर्षं पीक देत नाही. म्हणून इथल्या माणसाला केल्विनच्या पद्धतीतला उंचीचा आकडाच जास्त मोलाचा.

आणि तो हाती आल्यावर एक अशी गोष्ट शक्य झाली जी तक्ता करणाऱ्यांच्या मूळ बेतात नव्हती : वजाबाकी. मोजलेल्या पाण्यातून हिशेबाचं पाणी वजा केलं तर जे उरतं ते सूर्य-चंद्राचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ३१ डिसेंबर १८८१ ला निकोबारजवळ भूकंप झाला आणि बंगालच्या उपसागराभोवतीच्या पेन्सिली हिशेबाबाहेर थरथरल्या. २७ ऑगस्ट १८८३ ला जावाजवळ क्राकाटोआ फुटला, तेव्हा हजारो किलोमीटरवर आपल्या किनाऱ्यांवरच्या मापकांनी त्याच्या लाटा टिपल्या. बेअर्डने त्यावर रॉयल सोसायटीला सविस्तर अहवाल दिला. अपोलो बंदराच्या दीर्घ नोंदीतून सगळे ठेके काढून टाकले तर खाली एक संथ चढ उरतो, वर्षाला साधारण मिलिमीटरभर. उधाणाच्या ३.६६ मीटरच्या धिंगाण्यात तो कुणाला दिसला असता? चंद्राची गती नेमकी ठाऊक आहे म्हणूनच चंद्राला वगळता येतं.

वजाबाकीच्या जोडीला बेरीजही आली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात, दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. ज्येष्ठ शुद्ध द्वादशी-त्रयोदशी. पाऊणपटीने भरती नऊ-पावणेदहाची, ४८ मिनिटांनी मोजली तर दहाच्या आसपासची. म्हणजे वादळ टेकलं तेव्हा पाणी उतरणीला लागलेलं होतं. हवामान खात्याच्या इशाऱ्यात मुंबई, ठाणे, रायगडसाठी आकडा होता एक ते दोन मीटर, आणि तो सूर्य-चंद्राच्या भरतीच्या वर. वादळाचा आकडा वेगळा, चंद्राचा वेगळा, बेरीज ज्याची त्याने आपल्या गावच्या घड्याळावर करायची. तेच वादळ तीन तास आधी किंवा तीन दिवस उशिरा, पुनवेनंतरच्या दुपारच्या उधाणात आलं असतं, तर खारेपाटाच्या बांधांवरची बेरीज मीटरांनी वेगळी झाली असती.